मर्यादेतले उत्तम : एका गणितरीतीचा इतिहास

सीमेवर राहणाऱ्या माणसाला ‘मर्यादा’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. मेहकर, भालकी, औराद, बसवकल्याण या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी घराण्यांनी तो जगून पाहिला आहे. (मेहकर म्हणताच महाराष्ट्रातील वाचकाला बुलढाणा जिल्ह्यातील गाव आठवते, आमचे मेहकर बीदर जिल्ह्यातील, भालकी तालुक्याचे.) १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. काही घराणी दुरून येऊन येथे स्थिरावली होती, तर काहींनी घराचा उंबरठाही ओलांडला नव्हता, तरी त्यांचे राज्य बदलले. दोघांपुढेही प्रश्न एकच उभा राहिला : मर्यादा तर ठरून गेल्या, आता त्यांच्या आत राहून चांगल्यात चांगले काय साधता येईल?

या प्रश्नाचे एक स्वतंत्र गणितशास्त्र आहे आणि ते मुख्यतः विसाव्या शतकात घडले. कारखान्यातील उत्पादनाची आखणी, विमानांची वेळापत्रके, विजेचे वाटप, धरणातून सोडावयाचे पाणी अशा असंख्य निर्णयांमागे आज तेच उभे आहे. त्याच्या इतिहासातील एक मोठे वळण ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या नरेंद्र करमरकर यांच्या नावावर जमा आहे. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी घरांना या गोष्टीचे अप्रूप वाटावे हे साहजिकच आहे. परंतु केवळ अभिमानापोटी आम्ही हा विषय घेतलेला नाही. या शास्त्राच्या इतिहासातून एक इशारा मिळतो, आणि तो मांजरा नदीच्या काठच्या माणसांनी ऐकण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

आधी विषयाचे स्वरूप एका हिशेबाने स्पष्ट करू. त्यातील आकडे आम्ही समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. एका शेतकऱ्याकडे १० एकर जमीन आहे आणि हंगामासाठी पाण्याचे ३० घटक आहेत. उसाला एकरी ६ घटक पाणी लागते, तुरीला १. उसापासून एकरी ४०,००० रुपये सुटतात, तुरीपासून १८,०००. सगळा ऊसच लावायचे ठरवले तर पाणी ५ एकरांतच संपते. निम्मी जमीन पडीक राहून हाती २ लाख येतात. सगळी तूर पेरली तर जमीन पुरी वापरली जाते, पाणी मात्र उरते आणि मिळकत १ लाख ८० हजार होते. ४ एकर ऊस व ६ एकर तूर असा मेळ घातला, तर जमीनही पुरते, पाणीही पुरते आणि मिळकत २ लाख ६८ हजारांवर जाते. या दोन अटींत याहून चांगले उत्तर नाही.

या हिशेबाची तीन अंगे आहेत : काय ठरवायचे आहे, कशाच्या मर्यादेत ठरवायचे आहे आणि कोणत्या हेतूने ठरवायचे आहे. व्यवहारातील गुंता सोडवून तो अशा तीन अंगांनी समीकरणांत मांडणे, यालाच गणिती प्रतिमान बांधणे म्हणतात. सर्व अटी व हेतू सरळ रेषेच्या समीकरणांनी मांडता आले म्हणजे त्या प्रकाराला ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ हे नाव आहे. आपण त्यास रेषीय नियोजन म्हणू. अटींच्या रेषा कागदावर काढल्या की त्यांच्यामध्ये एक बंदिस्त क्षेत्र तयार होते, आणि उत्तम उत्तर त्या क्षेत्राच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडते. आपल्या उदाहरणात असे चारच कोपरे आहेत. अटी व पिके शेकड्यांनी, हजारांनी वाढली की कोपऱ्यांची संख्या मोजदादीपलीकडे जाते. त्या अफाट गर्दीतून नेमका कोपरा लवकर कसा गाठावा, हाच या शास्त्राचा मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न प्रथम नेमकेपणाने मांडला तो लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाने. लेनिनग्राडमधील प्लायवूडच्या एका उद्योगाने त्याला विचारले होते की, निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळ्या प्रतीचे लाकूड कसे वाटून दिले असता जास्तीत जास्त माल निघेल. १९३९ साली त्याने या रीतीची एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातून एक महत्त्वाची कल्पना पुढे आली. प्रत्येक मर्यादेला तिचे स्वतःचे असे एक मोल असते आणि ते हिशेबातूनच निघते. आपल्या उदाहरणात पाण्याचे घटक ३० ऐवजी २० झाले, तर उत्तम मेळ २ एकर ऊस व ८ एकर तूर असा होतो आणि मिळकत २ लाख २४ हजारांवर उतरते. म्हणजे पाण्याचा एक घटक ४,४०० रुपयांचा आहे. बाजारात त्याचा भाव कोणी लावलेला नसतो. टंचाईच तो लावते. सोव्हिएत अर्थशास्त्र वस्तूचे मोल श्रमातून येते असे मानणारे. त्याला ही कल्पना रुचली नाही. कांतोरोविचने युद्धकाळात लिहिलेला अर्थनियोजनावरील ग्रंथ छापून यायला १९५९ साल उजाडले. १९७५ साली त्याला आणि त्यालिंग कूपमान्स यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत हेच काम स्वतंत्रपणे झाले, पण गरज निराळी होती. महायुद्धानंतर हवाई दलाला माणसे, यंत्रे व रसद यांची आखणी यंत्राच्या साहाय्याने करावयाची होती. त्यासाठी जॉर्ज डांट्झिग याने १९४७ साली ‘सिम्प्लेक्स’ नावाची रीत तयार केली. तिची कल्पना बीदरच्या किल्ल्यावरून सहज ध्यानात येईल. तटबंदीच्या एका बुरुजावर उभे राहावे, शेजारच्या बुरुजांपैकी जो अधिक उंच असेल त्याकडे तटावरून चालत जावे, तेथून पुन्हा अधिक उंच शेजारी शोधावा, आणि शेजारी उंच बुरूज उरला नाही की थांबावे. रीत इतकी साधी, परंतु व्यवहारात इतकी परिणामकारक ठरली की संगणकांच्या पहिल्या पिढीपासून ती उद्योगधंद्यांत रूढ झाली. आजही ती मोडीत निघालेली नाही.

या रीतीची पहिली मोठी कसोटी अन्नाच्या हिशेबावर झाली. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रश्न घातला होता की, ७७ पदार्थांमधून निवड करून माणसाला आवश्यक असे ९ प्रकारचे पोषण कमीत कमी किती खर्चात मिळेल? १९३९ च्या भावाने त्याने काढलेले उत्तर वर्षाला ३९.९३ डॉलर असे होते. १९४७ साली सिम्प्लेक्स रीतीने तोच प्रश्न सोडवताना नऊ कारकून हाताच्या गणनयंत्रांवर बसले आणि सुमारे १२० मनुष्यदिवसांनी उत्तर आले, ३९.६९ डॉलर. फरक अवघा २४ सेंटांचा. मात्र स्टिग्लरच्या यादीत होते काय? गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याच्या बिया. असे ताट वर्षभर कोणी पुढे ओढणार नाही हे त्यालाही ठाऊक होते. रुची, रीतिरिवाज, सणवार यांची अट प्रतिमानात घातलेलीच नव्हती. जे घातले नाही त्याची दखल गणिताने घेतली नाही.

हा धडा आपल्याकडेही गिरवला गेला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही त्यांनी किमान मर्यादा धरली. १९६०-६१ च्या भावाने ती ग्रामीण भागात वर्षाला १८० रुपये व शहरात २७० रुपये येत होती. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीस वर्षे काम केले होते. त्यांनी या आधारालाच हरकत घेतली. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीअधिक होते, शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरी गरज ही किमान गरज समजणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोघेही सातारकडचे, दोघेही आकड्यांचे जाणते. त्यांचा वाद बेरीज-वजाबाकीचा नव्हता. माणसाला किती लागते, ही अट कोणी व कशावरून ठरवायची, हा तो वाद होता. कोट्यवधी माणसे गरीब म्हणून मोजली जाणार की नाही, हे त्या एका आकड्यावर अवलंबून होते.

आता करमरकरांकडे वळू. सिम्प्लेक्सने काम भागत असले तरी गणितज्ञांना एक शंका छळत होती. १९७२ साली व्हिक्टर क्ली व जॉर्ज मिंटी यांनी असे उदाहरण रचून दाखवले की ज्यात तटावरून चालणाऱ्या माणसाला एकूण एक बुरूज पालथे घालावे लागतात. ५० चलपदे असलेल्या अशा उदाहरणात बुरुजांची संख्या सुमारे ११ लाख अब्ज होते. १९७९ साली सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद खाचियान याने सिद्ध केले की कितीही आडमुठा प्रश्न असला तरी बेताच्या पायऱ्यांत सुटेल, अशी रीत आहे. सिद्धान्त म्हणून हे मोठे यश होते, पण प्रत्यक्षात ती रीत फार मंद चालली. सिद्धान्तातही भक्कम आणि व्यवहारातही वेगवान अशी रीत कोणापाशी नव्हती.

नरेंद्र करमरकर १९७८ साली मुंबईच्या आयआयटीमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेस गेले. कॅलिफोर्नियात शिक्षण पुरे करून, बर्कलीची डॉक्टरेट मिळवून ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. १९८४ साली त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. ती तटबंदीवर चढतच नाही. ती किल्ल्याच्या आतल्या मोकळ्या मैदानातून चालते. मात्र मैदानात उभ्या असलेल्याला एक अडचण असते. तो एखाद्या भिंतीजवळ असला तर त्या दिशेला मोठे पाऊल टाकता येत नाही. करमरकरांनी यावर उपाय काढला तो भूमितीचा. दर पावलाला साऱ्या किल्ल्याचा आकारच गणिताने असा बदलायचा की आपण उभे असलेली जागा मध्यभागी यावी. मग योग्य दिशेला लांब पाऊल टाकायचे, आणि पुन्हा तेच. अशा थोड्या पावलांत माणूस उत्तम कोपऱ्याच्या इतका निकट पोहोचतो की तो कोपरा कोणता, हे नेमके सांगता येते. आणि कितीही मोठ्या प्रश्नाला पायऱ्या किती लागतील, याची हमीही देता येते.

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. पुढे १९८८ चे फल्कर्सन पारितोषिक आणि २००० सालचा कॅनेलॅकिस पुरस्कार करमरकरांना मिळाला. आतून जाणाऱ्या अशा रीतींचा मोठा परिवारच त्यानंतर उभा राहिला. याच वाटेच्या खुणा पूर्वीही कोठे कोठे उमटल्या होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९६७ साली दिकिन या सोव्हिएत गणितज्ञाने मिळतीजुळती रीत मांडली होती, पण तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. १९८६ साली काही अमेरिकन अभ्यासकांनी करमरकरांची रीत आणि जुनी एक ‘अडथळा’ रीत यांचे नाते उलगडून दाखवले. यामुळे करमरकरांचे श्रेय उणे होत नाही. विखुरलेल्या खुणांचा राजमार्ग त्यांच्या लेखामुळेच झाला.

यापुढील प्रकरण मात्र सुखाचे नाही. बेल प्रयोगशाळेची मालक कंपनी एटी अँड टी हिने या रीतीचे पेटंट मागितले, आणि १९८८ साली ते मंजूर झाले. संगणकावर ती रीत प्रत्यक्ष कशी चालवली, याचे तपशील कंपनीने राखून ठेवले. त्यामुळे वेगाचे जे दावे झाले ते इतरांना पडताळून पाहता येईनात, आणि जाणकारांत बराच वाद माजला. त्याच सुमारास कंपनीने ‘कॉर्बेक्स’ नावाची यंत्रणा विक्रीस काढली. तिची किंमत ८९ लाख डॉलर होती. अमेरिकेचे लष्करी हवाई वाहतूक दल आणि एक मोठी विमान कंपनी अशी मोजकी गिऱ्हाईके तिला लाभली. इकडे विद्यापीठांतील संशोधक खुलेपणाने लेख लिहीत गेले, रीती सुधारत गेले, आणि काही वर्षांतच महागड्या यंत्रणेवाचून तेच काम साध्या संगणकावर होऊ लागले. गणिताची रीत ही कोणाची मालमत्ता होऊ शकते काय, हा प्रश्न या प्रकरणाने जगापुढे आणला. भारताच्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने गणिती रीत व अल्गोरिदम ही शोधाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. आमच्या मते हे योग्यच झाले. पाढे जसे सर्वांचे, तशीच ही वाटही सर्वांची असावी.

करमरकर १९९८ ते २००५ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, आणि महासंगणकाची रचना कशी असावी यावर तेथे काम करीत होते. संगणकीय संशोधनाचे बीज तोवर पुण्यात रुजलेलेच होते. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला होता. पुढे टाटा उद्योगसमूहाने पुण्यात संगणकीय संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. तिचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा व आशियात पहिला ठरला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी क्रिया करण्याची त्याची क्षमता होती. जेथे नऊ कारकुनांचे १२० मनुष्यदिवस खर्ची पडले, तेथे आता डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

इतकी रीत हाती आली, इतका वेग हाती आला. मग आपले प्रश्न सुटले काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुन्हा मांजरेच्या काठी येतो. ही नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून भालकीच्या मुलखात येते, बीदरवरून तेलंगणात उतरते, आणि सिंगूर, निजामसागर भरून पुढे गोदावरीस मिळते. आपल्याकडे तिच्या कारंजा या उपनदीवरही धरण आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील गोदावरी जलविवाद लवादाने १९८० साली अंतिम निवाडा दिला. त्याने व राज्याराज्यांतील करारांनी पाण्याच्या वाटपाच्या अटी घातल्या. एकाच नदीवर तीन राज्ये, मधोमध आपण. रेषीय नियोजनाला यापेक्षा योग्य उदाहरण कोठे मिळावे?

आता वरच्या शेतकऱ्याच्या हिशेबातून पाण्याची अट तेवढी काढून टाका. विहिरीत, बोअरमध्ये, धरणात पाणी आहेच, ते फुकट आहे आणि उद्याही असेल, असे समजून चाला. तोच हिशेब तत्क्षणी सांगेल : दहाही एकर ऊस लावा, ४ लाख मिळतील. गणिताने यात कसूर केलेली नाही. त्याला जे सांगितले त्याचे उत्तम उत्तर त्याने दिले. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. त्यामागे लागोपाठच्या अवर्षणाचा वाटा मोठा होता हे खरेच. सगळा दोष एका पिकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्या हिशेबांनी एवढा ऊस उभा केला, त्यांत पाण्याची अट तोकडी होती, हेही नाकारता येत नाही. नदीकाठच्या खालच्या गावाची तहान ही कोणाच्याच समीकरणात नव्हती. तुरीची गोष्ट अशीच. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नाव झाले; पण ती पाणी किती वाचवते याचा जमाखर्च बाजारभावात उतरत नाही.

कांतोरोविचने दाखवलेले ते मर्यादेचे मोल येथे उपयोगी पडते. आपल्या कल्पित शेतकऱ्याला पाण्याचा घटक ४,४०० रुपयांचा पडतो हे कळले, तर तो ठिबकचा खर्च, तळ्याचा खर्च, पिकाची निवड यांचा विचार वेगळ्या नजरेने करील. मात्र ती किंमत दिसण्यासाठी मर्यादा आधी कागदावर उतरली पाहिजे, आणि हे काम महासंगणक करीत नाही. कोणत्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसते, कोणत्या शेतात काळी किती खोल आहे, ऊसतोडीच्या वेळी माणसे मिळतात की नाही, घरच्या जनावरांना कडबा किती लागतो, हे आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. दांडेकर आणि सुखात्मे ज्या आकड्यावरून भांडले तसाच आकडा प्रत्येक गावात असतो. तो बाहेरच्या कोणी बसल्या जागी धरला, तर उत्तर कितीही वेगाने आले तरी ते त्या गावाचे असणार नाही.

म्हणून आमची वाचकांना, विशेषतः आपल्या घराण्यांतील तरुणांना एक सूचना आहे. आपली मुले आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या क्षेत्रात मोठ्या संख्येने आहेत. करमरकरांची वाट त्यांच्या रोजच्या साधनांत अंतर्भूत आहे, आणि ती साधने आता विनामूल्यही मिळतात. सुटीत गावी आल्यावर त्यांनी आजोबांसमोर वही घेऊन बसावे, आणि शेताच्या, विहिरीच्या, ओढ्याच्या मर्यादा त्यांच्या तोंडून उतरून घ्याव्यात. हेतूही त्यांनाच विचारावा : यंदाचे पैसे जास्त हवेत, की दहा वर्षांनी विहिरीला पाणी हवे? या दोन हेतूंची उत्तरे वेगळी येतात. कोणता हेतू धरायचा, हे घराने, गावाने आणि नदीकाठच्या सर्वांनी मिळून ठरवायचे असते. ते ठरल्यावर हिशेब करून द्यायला यंत्र तयारच आहे.